पाहुण्याची उंची

आधी बूट दिसले.

प्रयोगशाळा तळघरात होती. तिच्या खिडक्या आतून छताला लागलेल्या आणि बाहेरून फुटपाथला टेकलेल्या, त्यामुळे त्यातून माणसं दिसायची ती घोट्यापर्यंतच. पावसाच्या त्या कुंद दिवसांत तिथे काम करणाऱ्या टाचणीने असे कितीतरी पाय पाहिले होते. घाईचे, फरफटणारे, डबकं चुकवायला जाऊन नेमके डबक्यातच पडणारे. पण हे बूट काहीतरी वेगळेच होते. तपकिरी, टाचेला झिजलेले, एकाची नाडी निळी आणि दुसऱ्याची काळी. ते खिडकीसमोरून गेले, परत आले, थबकले, पुन्हा गेले...

"दार सापडत नाहीये बिचाऱ्याला," ती स्वतःशीच म्हणाली आणि कामाला लागली.

थोड्या वेळाने नमुने घ्यायच्या काचेच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर एक उंच तरुण उभा होता. केसांतून पाणी ओघळत होतं, रेनकोट मात्र गळ्यापर्यंत बंद. त्याने रेनकोटाची बटणं काढली, आतल्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली रक्ताची नळी अशी बाहेर काढली, जशी कोणी चिमणीचं पिल्लू काढावं.

टाचणीने ती हातात घेतली. नळी उबदार होती.

"बर्फ कुठेय?"

"बर्फ?"

"ही नळी बर्फात आणायची असते. वॉर्डात सांगितलं नाही का?"

"सांगितलं ना. डबाही दिला होता." तो ओशाळला. "पण सव्वा वर्षाच्या पोरीचं रक्त हो ते. एवढुसं. बाहेर हा असला पाऊस, त्यात आणखी बर्फात घालायचं... मला बरं वाटेना. म्हणून छातीशी धरून आणलं. रस्ता ओलांडताना एक थेंब पडू दिला नाही तिच्यावर."

हसावं की रडावं, टाचणीला कळेना. तिला टाचणी म्हणत ते उगाच नाही. बारीक, सरळ आणि वेळेला टोचणारी. पण या माणसाला टोचायला तिची जीभ रेटेना.

"हे बघा," ती जरा हळू आवाजात म्हणाली, "रक्त अंगातून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशींना ते कळत नाही. त्या आपलं काम करतच राहतात. ऊब मिळाली की जास्तच जोमाने. इथे पोचेपर्यंत आतलं सगळं बदलून जातं. आणि आम्हाला मोजायचं असतं ते रक्त काढलं त्या क्षणाचं. म्हणून पेशींना बर्फात गप्प बसवायचं."

"म्हणजे मी ते... उबवलं."

"अंड्यासारखं."

तो हसला नाही. "म्हणजे तिला पुन्हा सुई टोचायची?"

"हो."

त्याने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग वळला. खिडकीतून ते दोन रंगांच्या नाड्यांचे बूट धावत रस्त्याकडे गेलेले तिला दिसले.

तो परत आला तेव्हा हातात बर्फाने भरलेला पत्र्याचा डबा होता. "घ्या," तो धापा टाकत म्हणाला. "आता पेशींचे दात वाजतायत."

"रडली का फार?"

"आधी रडली. मग मध्येच थांबली आणि नुसती बघत बसली माझ्याकडे." तो खाली बघत म्हणाला, "रडली असती तर बरं झालं असतं."

*

वॉर्ड रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत होता. पोरगी त्याच्या ताईची, म्हणजे हा तिचा मामा. वॉर्डात सगळेच त्याला मामा म्हणत, अगदी पांढऱ्या केसांच्या नर्ससुद्धा. पोरीचे बाबा जहाजावर नोकरीला, म्हणून नळी आणायचं काम मामाकडे आलं. कामाने तो लिफ्ट दुरुस्त करणारा. पोरीला त्याने नाव ठेवलं होतं मुंगी.

"मुंगी का?"

"जन्मली तेव्हा तिच्या लंगोटांना साखर करपल्यासारखा वास यायचा. ताई म्हणायची, किती गोड पोर आहे माझी. मी म्हटलं, सांभाळ, मुंग्या लागतील. आम्ही हसायचो हो. रोग आहे हे कुठे ठाऊक होतं?"

टाचणीला तो वास पुस्तकातून ठाऊक होता. दुधातल्या, डाळीतल्या प्रथिनांचे शरीर बारीक तुकडे करतं. ते तुकडे म्हणजे अमिनो आम्लं. त्यांतली तीन मुंगीच्या शरीराला पुढे मोडता येत नव्हती. त्यात ल्यूसीन सगळ्यांत वाईट. ते साठलं की थेट मेंदूवर चढायचं. म्हणून मुंगीचं दूध वेगळं, डब्यातलं, त्या तिघांवाचून बनवलेलं. साधं दूध मिळायचं ते चमच्याने मोजून. किती चमचे, हे दर आठवड्याला टाचणीच्या यंत्रातून येणाऱ्या आकड्यावर ठरायचं.

त्या दिवशी मुंगीला घरून वॉर्डात आणत. मामा सकाळी नळी द्यायचा आणि दुपारी निकालाचं पाकीट न्यायला यायचा. मधल्या वेळात कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट दुरुस्त करून येई आणि अंगाला ग्रीसचा वास घेऊन खिडकीशी उभा राही. त्या खिडकीशी उभं राहायचं खरं तर काही कारण नसे.

"हे यंत्र करतं तरी काय?" एकदा त्याने विचारलं.

"ती पोलादी नळी दिसतेय? पेनाएवढी? तिच्या आत बारीक भुकटी ठासून भरलीय. आम्ही रक्तातल्या पेशी आणि प्रथिनं काढून टाकतो आणि राहिलेलं पाणी पंपाने त्यातून ढकलतो. सगळी अमिनो आम्लं एकदम आत शिरतात. पण भुकटीला कोणी जास्त चिकटतं, कोणी कमी. म्हणून बाहेर येताना एकेक करून येतात, प्रत्येक आपल्या वेळेला. आलं की कागदावर एक सुळका उमटतो. जेवढं जास्त, तेवढा सुळका मोठा."

मामाचे डोळे चमकले. "म्हणजे लिफ्ट! सगळे तळमजल्यावर एकदम घुसतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात."

"तशीच काहीशी."

"ल्यूसीन कितव्या मजल्यावर?"

"बरंच वर. त्याच्या जरा पुढे पाहुणा."

"पाहुणा कोण आता?"

"माणसाच्या रक्तात कधीच नसतं असं एक अमिनो आम्ल. ते आम्ही प्रत्येक नळीत मुद्दाम घालतो, सारखंच, मोजून. काम करताना थोडं सांडतं, थोडं वाया जातं, पण जे काही होईल ते पाहुण्याचंही होतं. म्हणून शेवटी त्याची उंची बघायची आणि बाकीच्यांची त्याच्याशी ताडून काढायची. घरातली माणसं किती हे पाहुण्यावरून ठरतं."

"आमच्याकडे उलट आहे," मामा म्हणाला. "पाहुणा किती दिवस राहणार हे घरातल्या माणसांवरून ठरतं."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी त्या तळघरात कोणी हसलं असेल. पलीकडच्या टेबलावरून मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. केस पांढरे, बोलणं मोजकं आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या.

निकालाबद्दल मात्र टाचणी एक अक्षर बोलत नसे. तसा नियमच होता. तो विचारायचा, ती म्हणायची, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

"ताकास तूर लागू देत नाही तुम्ही. तुमचा चेहरा म्हणजे मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट. कितीही बटणं दाबा."

"दाबू नका मग."

"सवय आहे हो. बटणं दाबून बघायचाच पगार मिळतो."

ती बंद पाकीट त्याच्या हातात देई. कधी म्हणे, "नाडी सुटलीय, बांधा. पडाल." कधी काहीच म्हणत नसे. तो निळ्या नाडीकडे बघायचा, मग तिच्याकडे, आणि निघून जायचा.

एका संध्याकाळी दोघं बस-थांब्यावर एकाच छत्रीत उभे होते. छत्री त्याची, एक काडी मोडलेली, त्यामुळे तिच्या एका खांद्यावर पाण्याची धार लागलेली. त्याने ते पाहिलं आणि छत्री फिरवली. मग धार त्याच्या खांद्यावर पडत राहिली.

"लिफ्टच्या खड्ड्यात उतरलात कधी?" तो म्हणाला. "खाली उभं राहून वर पाहिलं की नुसता अंधार. वर कुठेतरी कोणीतरी बटण दाबलेलं असतं, पण तुम्हाला कळत नाही ती आपल्याकडे येतेय की लांब जातेय. नुसते दोर थरथरताना दिसतात. सध्या घरी तसं वाटतं. ताई रात्री उठून मुंगीच्या अंगाचा वास घेत बसते. साखरेचा आला का, नाही आला..."

टाचणीने छत्रीच्या दांड्यावर त्याच्या हाताखाली आपला हात ठेवला. बस आली. तिने ती सोडली.

*

"त्या पहिल्या नळीत काय असतं हो?" एका सकाळी त्याने विचारलं. "मुंगीच्या आधी नेहमी लावता ती?"

"कंट्रोल. निरोगी माणसाचं रक्त. त्याचे आकडे आम्हाला पाठ असतात. ते बरोबर आले तर यंत्र ठीक आहे असं समजायचं. आम्हा तिघीचौघींचंच असतं. उपाशीपोटी देतो, एकत्र करून लहान लहान नळ्यांत गोठवून ठेवतो. रोज एक काढायची."

"म्हणजे दर वेळी मुंगीच्या आधी तुम्ही लिफ्टमध्ये चढता?"

"थोडीशी."

"बघून येता, सगळं ठीक आहे का." त्याने शर्टाची बाही वर सारली. मग म्हणाला, "माझंही घ्या ना त्यात."

"नातेवाइकांचं चालत नाही. हा आजार घराण्यातून येतो. आणि बाईंचा नियमच आहे. नात्यातल्यांचं कंट्रोलला घ्यायचं नाही, आणि नात्यातल्यांची नळी आपण लावायची नाही. हात कापतात."

"अच्छा." त्याने काचेवर बोटाने एक रेघ ओढली. "आणि समजा... तुम्हीच नातेवाईक झालात तर?"

पंपाचा टकटक आवाज एकाएकी फार मोठा वाटू लागला.

"मग माझंही चालणार नाही," ती कशीबशी म्हणाली.

"अरेरे. रुग्णालयाचं केवढं नुकसान."

तो गेला. टाचणीच्या कानाच्या पाळ्या इतक्या गरम झाल्या होत्या, की त्यांवर कुठलीही नळी उबली असती. पण घरी जाताना तिला दुसरंच काही सुचत राहिलं. नातेवाईक झाले तर मुंगीची नळी मला मिळणार नाही. दुसरंच कोणी लावेल. कशी लावेल कोण जाणे. त्यापेक्षा हे असंच असू दे... कोणाला काही सांगायला नको.

*

मुंगीला ताप आला.

साधा सर्दीचा ताप, पण या पोरांना तो साधा नसतो. तापात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि त्यातून ल्यूसीन बाहेर येतं. डॉक्टरांनी सकाळीच रक्त काढलं. आकडा बरा आला तर घरी, वाढलेला आला तर दूध बंद आणि सलाइन.

मामा डबा घेऊन आला. डोळे रात्रभर उघडे असल्यासारखे. आणि अशा माणसाचं होतं तसं, तो नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका नवरा-नवरीची गोष्ट सांगितली, छत्रीच्या मोडक्या काडीची सांगितली. टाचणी खिडकीजवळच्या टेबलावर मुंगीची नळी लावत होती. पेशी काढून उरलेल्या पिवळसर प्लाझ्माचे थेंब, त्यात पाण्यासारखा पाहुणा.

"उत्तर नाही दिलंत अजून," तो म्हणाला.

"कशाचं?"

"नातेवाइकाचं."

तिने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. काचेवरून पाणी ओघळावं तसा त्याचा चेहरा... ती बघतच राहिली. मग खाली पाहिलं. पाहुणा घातला का मी? नाही बहुतेक. पिवळ्या थेंबात पाण्याचा थेंब, एक पडला काय आणि दोन पडले काय, डोळ्यांना दिसत नाही. तिने पाहुणा घातला.

"काम होऊ दे," ती पुटपुटली. "दुपारी सांगते."

दुपारी आकडे आले. कंट्रोल अगदी बरोबर. मुंगीचं ल्यूसीन बेताचं. बाकीचेही आकडे जरा खालीच होते, पण दोन दिवस न जेवलेलं पोर, खाली असणारच. टाचणीचा जीव भांड्यात पडला. तिने सही केली आणि पाकीट त्याच्या हातात दिलं. उत्तर द्यायचं तिने ठरवलं होतं, पण ओठांवर आलं ते भलतंच.

"नाडी बांधा."

त्याचा चेहरा असा उजळला, की तिला वाटलं याला सगळं कळलं. तो खाली वाकला, तिथेच दोन्ही नाड्या घट्ट बांधल्या आणि जवळजवळ पळतच गेला.

दिवस कलताना ती दिवसभराचे कागद लावून ठेवत होती. तिची एक सवय होती. कागदावर कागद ठेवून ते खिडकीच्या उजेडात धरायचे. सुळके कमीजास्त असतात, पण पाहुण्याचे सगळे सुळके एकाच उंचीचे दिसले पाहिजेत, एकामागे एक उभ्या खांबांसारखे.

एक खांब बाकीच्यांच्या दुप्पट होता.

तिने कागद खाली ठेवला, पुन्हा धरला. कागद मुंगीचा. पाहुणा दोनदा पडला होता. पाहुणा दुप्पट, म्हणजे त्याच्याशी ताडलेलं सगळंच निम्मं. खरं ल्यूसीन निकालाच्या दुप्पट. आणि डॉक्टरांनी दूध चालू ठेवलं असणार...

तिने वॉर्डात फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलेना. मग ती धावली. पायऱ्या, फुटपाथ, धो धो पाऊस, कर्कश हॉर्न. एक चप्पल रस्त्यात राहिली ती राहिलीच.

वॉर्डात ताई पिशवी भरत होती. मुंगी मामाच्या खांद्यावर झोपली होती. हात लोंबलेले, तोंड अर्धवट उघडं. ती झोप नव्हती. टाचणीला ते दारातूनच कळलं. खोलीत करपलेल्या साखरेचा वास होता. पुस्तकातला वास तिला पहिल्यांदाच असा येत होता.

"डॉक्टर, निकाल चुकलाय. आकडा दुप्पट आहे. चूक माझी."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मुंगीला मामाच्या खांद्यावरून उचललं आणि भराभरा नर्सला सूचना देऊ लागले. ताई पिशवी हातात धरून उभी होती. "दुप्पट म्हणजे? अहो, दुप्पट म्हणजे काय? आत्ताच मी तिला दूध पाजलं..."

मामा रिकाम्या हातांनी उभा होता.

"पण तुम्ही," तो म्हणाला, "नाडी बांधा म्हणालात."

"काय?"

"निकाल चांगला असला की म्हणता. वाईट असला की म्हणत नाही. मला केव्हाच कळलं होतं. तुम्हाला... ठाऊक नव्हतं?"

ठाऊक नव्हतं. तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. निळी आणि काळी, दोन्ही नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या.

*

"कंट्रोल बरोबर आलं म्हणून सही केलीस?" दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आपलं रक्त बरोबर निघालं, म्हणजे दुसऱ्याचंही बरोबर? पाहुण्याची उंची कोण बघणार?"

टाचणीने मान खाली घातली.

"लक्ष कुठे होतं?"

"फोन... फोन आला होता, बाई."

बाईंनी तिच्या टेबलावरचं सहीचं रजिस्टर उचललं. मग म्हणाल्या, "यापुढे नळ्या तू लाव. सही मी करीन."

त्यानंतर मुंगीची नळी वॉर्डातला शिपाई आणू लागला. खिडकीतून पाय येत-जात राहिले, पण तपकिरी बूट दिसले नाहीत. पाऊस थांबला की बाहेर ओल तशीच राही, आणि भिंतीला बुरशीची नक्षी वाढत चाललेली. टाचणी मुंगीची नळी लावायची तेव्हा ओठ मिटून प्रत्येक थेंब मोजायची. पाहुण्याचा सुळका जागेवर यायचा. ल्यूसीनचा आधी उंच, मग जरा उतरता. मुंगी जगतेय हे तिला कागदावरून कळत होतं. मुंगी हसते का, बघते का, हे कुठल्याच मजल्यावर उतरत नव्हतं.

मग एका सकाळी खिडकीत बूट आले. ते फिरले नाहीत. नुसते उभे राहिले. नाडी सुटलेली.

थोड्या वेळाने टकटक झाली. त्याने डबा आत सरकवला, बर्फाने काठोकाठ भरलेला. तो वाळला होता, दाढी वाढली होती.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"आधी काम करा. तुमचं होईस्तोवर मी बोलणार नाही." आणि तो पाठ फिरवून उभा राहिला, काचेला पाठ टेकून. तिचा हात हलू नये म्हणून.

टाचणीने नळी हातात घेतली. बर्फासारखी गार. तिने पेशी वेगळ्या केल्या, पिवळा प्लाझ्मा काढला. पाहुण्याची बाटली उघडली. आणि काचेपलीकडच्या त्या वाकलेल्या पाठीकडे तिचं लक्ष गेलं. तो एक शब्द बोलत नव्हता, हलत नव्हता, श्वाससुद्धा जपून घेत होता. तरी तिचा हात कापू लागला.

तिने बाटली बंद केली.

"एक मिनिट बोला," ती म्हणाली. "मी काहीच घातलेलं नाही अजून. बोला."

तो वळला नाही. "काल 'मम' म्हणाली. एकदाच. ताई म्हणते पाणी मागितलं. मी म्हणतो मला हाक मारली. भांडण चालू आहे. आधी आख्खं 'मामा' म्हणायची. डॉक्टर म्हणतात येईल परत. कदाचित... सगळंच नाही येणार."

"मला माफ करा असं तरी कसं म्हणू..."

"नका म्हणू. ताई चिडलीय तुमच्यावर. फार. पण काल म्हणाली, ती मुलगी एका चपलेवर आली होती धावत. कोणाला कळलंही नसतं, पोर तापाने गेली म्हणून सोडून दिलं असतं सगळ्यांनी. तरी आली. आणि मी बोलत होतो त्या वेळी. माझ्या ध्यानात आहे. उत्तर मागत होतो."

"हात माझा होता."

"तोंड माझं होतं."

तेवढ्यात मागून पावलं वाजली. मोठ्या बाई रिकाम्या सिरिंजचा ट्रे घेऊन आल्या होत्या. "टाचणी, उपाशी आहेस ना? कंट्रोलचा नवा लॉट करायचाय. हात पुढे कर."

टाचणीने हात मागे घेतला.

"बाई, माझं चालणार नाही."

"का? खाल्लंस काही?"

"नाही. उपाशीच आहे."

"मग?"

"नात्यातलं चालत नाही ना."

काचेपलीकडची पाठ ताठ झाली. बाईंनी ट्रे खाली ठेवला. "कोणाच्या नात्यातलं?"

"मुंगीच्या. त्या दिवशी फोन आला नव्हता, बाई. मी खोटं बोलले. मी... खिडकीकडे बघत होते."

पंपाची टकटक चालू होती. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नातं त्याआधीच जुळलं होतं तर," त्या म्हणाल्या. "मला सांगायला उशीर केलास. त्याच दिवशी सकाळी सांगितलं असतंस तर ती नळी मी लावली असती."

"हो."

"आणि आता ही नळी तुला परत कधी मिळणार नाही. माहितेय ना? त्या पोरीचा एक आकडासुद्धा तुला आधी कळणार नाही."

"माहितेय."

बाईंनी तिच्या हातातून मुंगीची नळी घेतली. खुर्ची ओढली, बसल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "जा आता बाहेर. पाहुणा घालताना माझ्यासमोर कोणी उभं राहिलेलं मला चालत नाही."

टाचणी दारातून बाहेर पडली आणि वळसा घालून त्या खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आली. इतकी वर्षं काम करून या बाजूला ती कधी उभीच राहिली नव्हती. इथून प्रयोगशाळा लहान आणि फार उजळ दिसत होती. आत बाईंची पांढरी मान वाकलेली. नळीत काय आहे, काही दिसत नव्हतं.

ओल्या भिंतीला लागून एक बाक होता. तो बसला. ती शेजारी बसली.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "काच पातळ आहे."

"मग उत्तर मिळालं ना?"

"मिळालं." त्याने तिचा हात हातात घेतला. बर्फाच्या डब्याने गार पडलेला त्याचा हात. "किती येईल आज?"

"मला काय ठाऊक? डॉक्टर सांगतील."

बऱ्याच वेळाने तिने खाली पाहिलं.

"नाडी सुटलीय तुमची."

तो दचकला. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आशेने आणि भीतीने. "म्हणजे... चांगलं की वाईट?"

"म्हणजे सुटलीय," टाचणी म्हणाली, आणि ती बांधायला खाली वाकली.